झीज

गेल्या वैशाखात, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, आम्ही प्रथमच एका इंजिनाचे अंतरंग पाहिले. तीस वर्षे आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहोत, आणि 'अंतरंग' हा शब्द या तीस वर्षांत आमच्या तोंडून किती वेळा निघाला असेल याची गणती नाही. कवीचे अंतरंग, नायिकेचे अंतरंग, शोकांतिकेचे अंतरंग! परंतु ज्यास स्पर्श केला असता हात कोपरापर्यंत काळा होतो, असे अंतरंग तोवर आमच्या वाट्यास आले नव्हते. ते आले आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरचे; वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातील आमच्या गावी, घरामागच्या कडुनिंबाच्या सावलीत.

हा ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५ या नावाचा. वडिलांनी तो १९७८ साली भूविकास बँकेचे कर्ज काढून घेतला. त्या वेळी आम्ही चौथीत होतो. वाशीम जिल्हा तर तेव्हा जन्मासच यावयाचा होता. अकोला जिल्ह्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे आमचा ट्रॅक्टर आमच्या जिल्ह्याहून वीस वर्षांनी वडील! तो दारात उभा राहिला त्या दिवशी आमच्या आजीने त्यास हळदकुंकू लाविले आणि 'याचे नाव काय?' म्हणून विचारिले. कोणीतरी 'मॅसी' असे सांगितले. आजीच्या कानांस ते 'म्हैस' असे ऐकू आले, आणि त्यानंतर तिने त्यास कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा आटोपली की ती एक पुरणपोळी घेऊन या तांबड्या म्हशीकडे जाई. पोळी अर्थातच आम्ही मुले खात असू. पण म्हशीने ती खाल्ली अशी आजीची समजूत आम्ही मोडली नाही.

या म्हशीचे कुळ मात्र फार दूरचे. हॅरी फर्ग्युसन नावाच्या एका आयरिश गृहस्थाने नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढत न नेता तीन सांध्यांनी त्यास जोडून तेलाच्या दाबाने खालीवर करण्याची युक्ती काढली. आज जगातील बहुतेक ट्रॅक्टरांच्या पाठीशी तीच युक्ती दिसते. त्याच्या नावाचे ट्रॅक्टर आपल्याकडे बनवू लागली १९६० साली चेन्नईस स्थापन झालेली 'टॅफे' कंपनी. आमच्या ट्रॅक्टरचे तीन सिलिंडरांचे इंजिनही तिकडचेच, सिम्प्सनच्या कारखान्यातले. आणि त्याचे मूळ घराणे इंग्लंडातील पर्किन्सचे. इतक्या ठिकाणचे पाणी प्यालेली ही वस्तू आमच्या पैनगंगेच्या काळ्या मातीत चार तपे राबली. प्रथम ज्वारी आणि कापूस, पुढे सोयाबीन आणि तूर, ही पिके पालटली. ट्रॅक्टर पालटला नाही. वडील गेले, बैल गेले, आमचे केस गेले. ट्रॅक्टर राहिला.

तो राहावा की जाऊ द्यावा, हाच गेल्या वर्षी आमच्या घरात वादाचा विषय झाला. गावी शेती पाहतात आमचे धाकटे बंधू. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ट्रॅक्टर डिझेलइतकेच तेल पितो, थंडीत सकाळी सुरू होता होत नाही, आणि भर चढावर दम टाकतो. तेव्हा तो भंगारात द्यावा आणि कर्ज काढून नवा घ्यावा. यावर आम्ही जे भाषण केले ते मोठे हृद्य होते. वडिलांचा घाम, आजीची पुरणपोळी, परंपरा, कृतज्ञता, असे एकही स्थळ आम्ही वगळले नाही. बंधूंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "दादा, सकाळी पाच वाजता त्याले हँडलशी झटून सुरू कराची पाळी माही असते." आमच्या व्याख्यानाच्या शेवटी विद्यार्थी इतके मार्मिक प्रश्न विचारीत नाहीत, ही देवाची कृपाच म्हटली पाहिजे.

अखेर निर्णय मिस्त्रीवर सोपविण्याचे ठरले. मिस्त्री तालुक्याच्या गावचे. साठीच्या घरातले, मितभाषी. त्यांनी इंजिन सुरू करावयास लाविले आणि दहा पावले मागे जाऊन, विडी न पेटविता, नुसते धुराकडे पाहत उभे राहिले. धूर ही एक भाषा आहे हे आम्हांस त्या दिवशी कळले. काळा धूर म्हणजे इंजिनास डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. पांढरा धूर म्हणजे डिझेल पूर्ण न जळता बाहेर पडते, किंवा कोठून तरी पाणी शिरते. आणि निळा धूर म्हणजे इंजिन स्वतःचेच तेल जाळीत आहे. आमच्या ट्रॅक्टरचा धूर निळा होता. मिस्त्रींनी मग तेल ओतावयाच्या तोंडावरचे झाकण काढून त्यावर तळहात धरिला. आतून वाफेसारखा फुत्कार येत होता. "दम खालून चालला," ते म्हणाले. "इंजिन उतरवा लागन."

येथे वाचकांस दोन शब्दांत सांगितले पाहिजे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर जाताना सिलिंडरातील हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबानेच ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे रुडोल्फ डिझेलने हे यशस्वी करून दाखविले, आणि पुढे १९१३ साली तोच गृहस्थ इंग्लंडास जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. त्याच्या इंजिनाचा सारा जीव या दाबात आहे. दट्ट्याभोवतीच्या कड्या, ज्यांस मिस्त्री 'रिंगा' म्हणतात, आणि त्या ज्या नळीत सरकतात तो लायनर, यांत केसाएवढी फट पडली की दाब निसटतो. मग वरचा दम खाली जातो, खालचे तेल वर येते, आणि इंजिन म्हाताऱ्या माणसाप्रमाणे सकाळी उठावयास कुरकुरू लागते.

दुसऱ्या दिवशी इंजिनाचा माथा उतरला. मिस्त्रींनी बंधूंकडे फडके मागितले. बंधूंनी हत्यारांच्या पेटीतून एक मळके चिंधूक काढून दिले. सिलिंडराची आतली बाजू पुसून मिस्त्रींनी आमचा अंगठा धरला आणि त्याचे नख लायनरच्या आत, वरच्या काठापासून खाली ओढले. नख एका ठिकाणी अडकले. तेथे एक कंगोरा होता. काठाजवळची जी पट्टी रिंगेच्या पोचेबाहेर राहिली ती मूळच्या मापाची होती. तिच्या खाली लायनर खोल गेला होता. दट्ट्या वरच्या टोकास क्षणभर थांबून परततो, तेथेच उष्णता सर्वांत अधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ, म्हणून झीजही तेथेच जास्त होते. विंध्यशक्ती दुसरा या वाकाटक राजाचा वाशीमचा ताम्रपट विद्वानांनी एकेक अक्षर लावून वाचला, तसे मिस्त्री त्या नळीतील ओरखडे वाचीत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "सर, ही कामाची झीज नोहे. कामाची झीज अशी खरबडीत नसते. यानं धूळ खाल्ली. आधी धूळ खाल्ली, मंग तेल."

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी त्यास हात लावीनात, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. ती भीती निराधार ठरली. परंतु तिची उलट बाजू कोणी सांगितली नव्हती: लोखंडाने माती नासत नाही, मातीने लोखंड नासते. हवेबरोबर आत गेलेली धूळ तेलात कालवली जाते आणि तिची उटी होऊन ती रिंगेस, लायनरास, दट्ट्यास अखंड घासत राहते. हे होऊ नये म्हणूनच इंजिनाच्या नाकाशी तेलाची वाटी असते. हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते, आणि शुद्ध झालेली हवा एका रबरी नळीतून आत शिरते. "वाटी तं साफ दिसते," मिस्त्री पुटपुटले. "मंग धूळ कोठून गेली?"

धूळ कोठून गेली ते त्या क्षणी कडुनिंबाखाली बसलेल्या मंडळींपैकी निदान एकास ठाऊक होते. आणि तो मनुष्य इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक होता.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या सुटीत हौसेने आम्ही कुटाराची ट्रॉली आणावयास ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. वाटेत इंजिनातून बारीक शीळ ऐकू येऊ लागली. उतरून पाहतो तो ती रबरी नळी वाळून चिरली होती, वाटी आणि इंजिन यांच्या बरोबर मध्ये. आम्ही खिशातील हातरुमाल काढून तिजभोवती घट्ट गुंडाळला. शीळ थांबली. स्वतःच्या प्रसंगावधानाचे आम्हांस इतके कौतुक वाटले की, घरी गेल्यावर हे बंधूंस सांगून लगेच नवी नळी बसविली पाहिजे असे आम्ही ठरविलेदेखील. परंतु घरी पाहुणे आले होते, चहा झाला, राजकारण निघाले. दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका तपासावयास आम्ही अमरावतीस निघून आलो. चारशे विद्यार्थ्यांच्या लहानसहान चुका तांबड्या शाईने अधोरेखित करण्यात आम्ही गढून गेलो असता, इकडे बंधू उन्हाळी नांगरट करीत होते. वैशाखातील काळ्या रानाची धूळ ज्याने पाहिली असेल त्यास अधिक सांगावयास नको. रुमालाने शीळ थांबते, धूळ थांबत नाही.

ही गोष्ट आम्ही तेथेच सांगावयास हवी होती. सांगितली नाही. खरे बोलण्यास योग्य वेळ लागते अशी शिकलेल्या माणसांनी आपली एक सोयीस्कर समजूत करून घेतलेली असते.

इंजिनाचा ठोकळा आणि क्रँक घेऊन आम्ही मिस्त्रींबरोबर वाशीमच्या लेथवर गेलो. जुने लायनर दाब देऊन बाहेर काढले, तेव्हा ते कागदासारखे पातळ दिसले. ठोकळ्यास मात्र काही झाले नव्हते. लायनर असतो तो याचसाठी, की झिजावयाचे ते त्याने झिजावे आणि मूळ ठोकळा वाचावा. आमच्या घरात असा लायनर कोण, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. नवे लायनर बसविले, त्यांस आतून माप दिले, आणि शेवटी फिरत्या दगडांनी त्यांवर तिरप्या रेघांची बारीक जाळी काढली. आम्ही विचारिले, इतके गुळगुळीत केलेले पुन्हा खरबडीत का करता? लेथवाल्याने सांगितले की आरशासारख्या पृष्ठावर तेल ठरत नाही आणि रिंग बसत नाही. या रेघांत तेल राहते, आणि पहिल्या काही दिवसांत रिंग व लायनर एकमेकांस थोडे थोडे झिजवून एकमेकांच्या अंगाचे होतात. तसे झाले तरच दम धरतात.

क्रँकची कथा याहून गंभीर निघाली. दट्ट्यांची खालीवर धाव गरगर फिरण्यात पालटणारा हा दांडा. त्याची झीज ओबडधोबड झाली की ती सारखी करण्यासाठी त्यास घासून बारीक करावा लागतो, आणि त्या मापाच्या जाड बेअरिंगा घालाव्या लागतात. हे घासणे इंचाच्या दहा हजारांशांच्या पायऱ्यांनी चालते: दहा, वीस, तीस. वडिलांच्या हयातीत तो एकदा दहावर गेला होता, पुढे वीसावर. आता तीसावर गेला. लेथवाल्याने तो कापडात गुंडाळून देताना म्हटले, "हे शेवटचं. याच्यापुढं हा दांडा घासू नोका." यंत्राच्या बाबतीत 'शेवटचे' हा शब्द किती स्वच्छ आणि निर्विकार रीतीने उच्चारता येतो! आमच्या वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांस तोच शब्द उच्चारावयास तीन दिवस लागले होते.

पूर्वी गावचा लोहार वखराची पास पाजवून देई, झिजलेल्या फाळास नवे लोखंड जोडून देई, आणि सुगीला आपले बलुते नेई. वस्तू मोडली म्हणून टाकावी ही कल्पनाच त्या व्यवहारात नव्हती. परंतु त्या व्यवहाराची महती गाताना आमच्यासारख्यांच्या हातून एक चूक होते. वस्तू जपली जाई ती तिच्यावाचून पेरणी अडे म्हणून. ती पाहून कोणाचे डोळे भरून यावेत म्हणून नव्हे. वाशीमहून परतताना आम्ही मिस्त्रींस सहज म्हटले की, एवढे करून ट्रॅक्टर फारसे काम न देता नुसता राहिला तरी हरकत नाही, वडिलांची आठवण म्हणून. मिस्त्री बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, ठेवाचा असन तं चालवाले ठेवा, पाहाले ठेवू नोका. उभ्या इंजिनाले गंज खाते. झिजलेलं सुधरवता येते, गंजलेलं नाही."

त्या रात्री जेवणे झाल्यावर बंधू ओट्यावर एकटे बसले होते. आम्ही जाऊन शेजारी बसलो आणि रुमालाची सर्व हकीकत, काहीही न गाळता, सांगून टाकली. ते आमच्याकडे न पाहता ऐकत होते. आम्ही थांबल्यावर म्हणाले, "मले मालूम हाय."

आम्ही स्तब्ध झालो.

"पेरणीच्या तोंडावर पाह्यलं मी. वयनीनं कोपऱ्यात तुह्या नावाचं अक्षर भरलं होतं त्याच्यावर. नळी नवी टाकली. रुमाल हाय अजून पेटीत. त्यानंच तं सकाळी मिस्त्रीनं बोर पुसला."

"मग बोलला का नाहीस?" आम्ही विचारिले.

"सांगून काय होते, दादा? धूळ तं आत गेलीच होती. अन् तू वर्षातून येऊन येऊन दोनदा येतं. त्यातली एक खेप काहून खराब करू?"

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही. तीन वर्षे हा मनुष्य पहाटे उठून त्या इंजिनाशी झटत होता, आमची कृतज्ञतेवरील व्याख्याने ऐकत होता, आणि आमचा अपराध पेटीत घडी करून ठेवून गप्प होता. कामाने होणारी झीज वेगळी आणि हयगयीने होणारी वेगळी, हे मिस्त्रींनी नखाने दाखविले होते. माणसांतही तेच आहे. जो राबतो तो झिजतो, त्यास इलाज नाही, आणि त्यात त्याचा मानच आहे. परंतु दुसऱ्या कोणी विसरून ठेवलेली फट जेव्हा त्यास झिजविते, तेव्हा ती झीज त्याच्या खात्यावर घालणे हा अन्याय होय. एकत्र कुटुंबांत, कचेऱ्यांत, किंबहुना साऱ्या देशात अशा किती नळ्यांवर सुशिक्षितांचे रुमाल बांधलेले असतील, कोण जाणे!

त्याच रात्री आम्ही दोघांनी हिशेब केला. दुरुस्तीचा खर्च नव्या ट्रॅक्टरच्या किमतीच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतका आला होता. तो आम्ही द्यावा हे आम्ही आग्रहाने कबूल करवून घेतले. शिवाय असेही ठरले की, जुन्याकडून आता हलकी कामे घ्यावीत, फवारणीची टाकी, कुटाराची ट्रॉली. आणि नांगरटीस नवा ट्रॅक्टर पुढल्या वर्षी घ्यावा, त्याच्या कर्जाचा अर्धा हप्ता आमच्या पगारातून जावा. आमच्या मूळ भाषणात ही कलमे नव्हती. भाषणापेक्षा ती बरी होती, असे आज वाटते.

तिसऱ्या दिवशी इंजिन जुळले. मिस्त्रींनी माथ्याचे नट मधून बाहेरच्या बाजूस, क्रमाने, थोडे थोडे करीत आवळले. एकच नट एकदम आवळला तर माथा वाकतो म्हणे. डिझेलच्या नळ्यांतील हवा काढली. बंधूंनी किल्ली फिरविली. इंजिन एकदा खोकले, दुसऱ्यांदा खोकले, आणि तिसऱ्यांदा त्याने असा स्वच्छ, भरदार आवाज धरला की ओट्यावरची पोरे टाळ्या पिटू लागली. सुरुवातीस थोडा धूर आला आणि विरून गेला. मिस्त्रींनी सूचना दिल्या: उभ्या जागी भुकभुकत ठेवू नका, त्याने रिंगा बसत नाहीत, एकदम ओझेही घालू नका, आधी हलके काम द्या, पहिले तेल लवकर बदला. नवे भाग आहेत, त्यांस एकमेकांची सवय व्हावयास पाहिजे.

बंधू ट्रॅक्टरवरून खाली उतरले आणि आम्हांस म्हणाले, "दादा, तू घेऊन ये एक चक्कर." आम्ही चढलो. पांदणीने नाल्यापर्यंत जाऊन परत आलो. रस्त्यात धूळ होतीच. एकदा शीळ ऐकू आल्यासारखे वाटले, म्हणून थांबून, उतरून, नळी दोन्ही टोकांस हाताने चाचपून पाहिली. तो एका पाखराचा आवाज होता. तरीही घरी आल्यावर ते आम्ही बंधूंस सांगितले.